पप्पूच्या डब्याची घंटी

डिंगोऱ्याच्या ओढ्याकाठी उसात बुडालेली एक वस्ती आहे. तिथला पप्पू पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. कॉलेजची पायरी त्यानं चढली नाही, आणि त्याची लाजही बाळगली नाही. शिकलेली माणसं ज्याला सर्व्हर म्हणतात, तो ह्या गड्यानं घरात बसून बनवला.

शेजारच्या वस्तीतलं पोर बिबट्यानं अंगणातून नेलं, त्या वर्षीची गोष्ट. आम्ही रस्ता अडवला. मी भाषण ठोकलं, पिंजरा आला, फोटो निघाले. पप्पू काही फिरकला नाही. माझं डोकं फिरलं, तडक त्याच्या घरी गेलो, तर हा पत्र्याचा डबा उघडून वायरी जोडत बसलेला. ओतूरच्या हितेशशेठनं दुकानातला बाद कॉम्प्युटर दिला होता. पप्पूनं त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या, वायर घरच्या राऊटरला जोडली आणि वस्तीच्या चारी कडांना कॅमेरे लावले. चित्रं डब्यात साठायची. उसाच्या कडेला मोठं जनावर हललं, की डबा वस्तीतल्या सगळ्या फोनवर घंटी वाजवायचा.

एका संध्याकाळी घंटी वाजली. फोनवर बिबट्या दिसला, पोरं आत ओढली, जनावर निघून गेलं. त्या दिवसापासून वस्तीचा डब्यावर देवासारखा भरवसा बसला. पप्पूची आई प्रयागबाई आधी तिन्हीसांजेला शेळ्या आणायला जायची ती दोघींना बरोबर घेऊन, पितळी ताटली बडवत. आता फोनकडे एकदा बघायची आणि एकटी निघायची. घंटी न्हाई म्हंजी वाट मोकळी, असं तिचं गणित.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं धुऊन पुजतात आणि त्यांना राबवत नाहीत. प्रयागबाईनं कोयता, पहार, पप्पूचं वाइंडिंगचं मशीन पुजलं आणि डब्यापुढं थांबली.

"ह्यो तर समद्यात जास्त राबतोय. ह्याला एक दिस इसावा नगं का रं?"

पप्पूला ते पटलं. त्यानं स्वतःच्या हातानं डबा बंद केला, तिनं कुंकू लावून झेंडू वाहिला. दसऱ्याला सकाळी त्यानं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि तो सोनं वाटायला गेला.

घोळ तिथंच झाला होता. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, एसटीतल्या सीटसारखा. पप्पूनं डब्याच्या सीटवर रुमाल टाकलेला नव्हता. डबा झोपलेला असताना दसऱ्याचे पाव्हणे आले आणि त्यांच्यातल्या एकाचा मोबाईल त्या सीटवर बसला. डबा जागा झाला तेव्हा त्याला दुसरी सीट मिळाली. कॅमेरे मात्र जुन्याच नंबरावर चित्रं पाठवत राहिले. दिवा हिरवा, डिस्क फिरतेय, आणि आत काहीच येत नाही.

पाव्हणे गेले त्याच संध्याकाळी प्रयागबाईनं फोन बघितला. फोन गप होता. ती शेळ्या आणायला निघाली. सुनेला, अंजनाला, एका शेळीचं ओरडणं तेवढं ऐकू आलं. म्हातारी ओढ्याच्या अंगाला सापडली.

भेटायला माणसं बसली होती. पप्पूचा चुलता सावळाराम म्हणाला, देवभोळेपणा नडला, म्हातारीनंच डबा बंद करायला लावला. मी उसळलो, पण माझ्या आधी पप्पू बोलला.

"नाना, आईनं एक दिस इसावा मागितला. चालू मी केला. चितार येतंय का ते बघितलं न्हाई, दिवा बघितला. आनि गप फोनवर भरवसा ठिवायला तिला मीच शिकिवलं."



तेराव्यानंतर त्यानं डब्याचा नंबर कायमचा बांधून टाकला. आणखी एक बदल केला. कॅमेऱ्यांची चित्रं डब्यात पोचताहेत तोवर फोन सारखा टिक करत राहतो. टिक थांबली, की कुणी उंबरा ओलांडायचा नाही. माणसं कावली. वस्तीतली सारजाबाई त्याला म्हणाली, "पप्पूभाऊ, ह्या टिकटिकीनं डोस्कं फुटायची येळ आली."

"फुटू द्या," पप्पू म्हणाला.

यंदा खंडेनवमीला मी त्यांच्याकडं जेवायला होतो. डबा चालूच होता. अंजनानं सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं. डब्यापुढं तिचा हात जरा घुटमळला, मग चालू डब्यालाच बोट टेकवून ती झटक्यात मागं सरली. अंगणात पंगत बसली. भात वाढला आणि लाईट गेली. टिक थांबली.

अंजनानं पोरांना उष्ट्या हातांनी आत ढकललं, मागोमाग आम्ही घुसलो, कडी लागली. पप्पू एकटा ओसरीवर राहिला. खुंटीवरची आईची पितळी ताटली काढून तो उसाकडं तोंड करून बडवायला लागला. लाईट आली, आमच्या खिशातले फोन पुन्हा टिक करायला लागले. ताटलीचा आवाज थांबेना.