सासूबाईंच्या नावाचा पासवर्ड

ऐका, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागल्या खेपेला हे ऐकताना एकाच्या नाकातनं चहा आलता.

मी कोडोलीकडच्या एका दूध संस्थेचा सेक्रेटरी. लोकं रांगेनं दूध घालत्यात आन् मी संगणकात माप टाकत मोठ्यानं वरडतो, "चार लिटर, फॅट सहा पाच!" वरडावंच लागतंय, न्हायतर माप चोरलं म्हणत्यात. इतकी वर्सं हेच केलंय की आता घरी भाकरी वाढून घेतानापण आकडा वरडतो.

आन् संगणकातला त्यो प्रोग्राम! जीव नकोसा केलाय त्यानं. ऐन गर्दीत अडून बसतोय. त्याचा पासवर्ड आमी भिंतीवर खडूनं लिवलेला, वजनकाट्याच्या वर, सगळ्यास्नी दिसंल असा. मी नसलो की जो असंल त्यो टाकायचा. कुणाचं काय अडलं न्हवतं.

मग मी कोल्हापुरात ट्रेनिंगला गेलतो. तितल्या सायबानं विचारलं, "पासवर्ड कुठं ठेवता?" म्हटलं, भिंतीवर. सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सांजंला, रांग चालू असतानाच, मी भिंत पुसली आन् नवा पासवर्ड घालाय बसलो. त्याला एक अक्षर मोठं लागतंय, खूण लागती, आकडं लागत्यात. काय चुकलं त्ये मात्र सांगत न्हाय. दमवून दमवून एकदाचा घेतला. म्हटलं, आता ह्यो माझ्यासंगं सरणावर जाणार.

सकाळी बसलो, तर डोस्कं कोरं. सासूबाईंचं नाव घातलंय एवढं आठवत होतं, कारण त्ये माझ्या तोंडात येईल असं गावात कुणाला वाटणार न्हाय. पण पुढचं काय? दोनदा चुकलं. पडद्यावर आलं, आता एकच संधी, मग दिवसभर बंद.

संगणक बंद म्हंजे काटा बंद, काटा बंद म्हंजे दूध घ्यायचं बंद. भाईर टँकरवाला हॉर्न मारायला लागला. "सेक्रेटरी, मी थांबायचो न्हाय. पुढच्या गावचं दूध नासंल." रांग पार रस्त्यावर गेलती. एवढ्या घरांचं सकाळचं दूध माझ्या एकट्याच्या डोसक्यापायी वाया जाणार होतं.

हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, "पासवर्ड विसरला असल्यास, आधी पासवर्ड टाकून आत जा आणि तो बदला." आता हिला काय बोलायचं, तुमीच सांगा.

रांगेत पयल्या शेवंताकाकी. "का रं थांबलायस?"

"काकी, पासवर्ड इसरलोय."

"कंचा? कालचा व्हय?" किटलीसुद्धा खाली न ठेवता काकी म्हणाल्या, "सुमन, पयलं अक्षर मोठं. मग ॲट. मग एक दोन."

मागनं दस्तगीरचाचा म्हणाले, "एक दोन न्हवं, दोन एक."

"व्हय, दोन एक," सगळी रांग म्हणाली.

टाकला. उघडला.

"तुमास्नी कसं ठावं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? काल माझ्या मापाच्या मागनं तूच वरडलास की. मला वाटलं, सुमन म्हणून कोण नवी म्हैसवाली आलीया."

टँकर भरून गेला. सांजंला परत रांग लागली, तवा मी शाना झालो आन् तितंच बसून नवा पासवर्ड घातला. ह्या खेपेला चांगला लांबलचक.

सगळ्या रांगेनं कान टवकारलं. दस्तगीरचाचा पुढं आले.

"सेक्रेटरी, ह्यो जरा अवघड हाय. परत एकदा सावकाश सांगा की."