पाच पुड्या तशाच राहिल्या

मंडळी, आज सकाळी नऊ दिवसांनी मुरुडला घरी आलो आणि चपला न काढताच माशांच्या टाकीकडे धावलो.

जाताना चावी शेजारच्या हिराकाकूंकडे दिली होती. काकू बाजारात मासळी विकतात. माशांच्या खाण्याच्या, रोजची एक अशा नऊ पुड्या बांधून टाकीवर ठेवल्या होत्या. त्यातल्या पाच तशाच! माझं डोकंच फिरलं.

"काकू, उपाशी ठेवलंत का हो यांना?" मी जरा जोरातच विचारलं.

"आधी पाणी बघ," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुझी आख्खी पुडी टाकली, तर अर्धं तळाला बसलं. मासा चार दिस उपाशी काढतो रं, घाण पाण्यात न्हाय काढत. मग चिमूट चिमूट टाकलं."

पाणी नितळ होतं. सातही मासे मजेत फिरत होते.

मग समोरच्या दुकानदाराकडून कळलं, परवा दुपारभर लाईट नव्हती, पंप बंद. काकू बाजार सोडून टाकीपाशी बसल्या आणि माशांना हवा मिळावी म्हणून तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहिल्या.

एरवी त्या घरची मासळी आमच्या टाकीजवळच्या खिडकीखालच्या नळावर साफ करतात. तिथला दगड आज कोरडा ठणठणीत. का, विचारलं तर म्हणाल्या, "टाकीतून बघतात ना ते. त्यांच्यादेखत कशी कापू?"

तुम्ही गावाला जाताना चावी कुणाकडे ठेवता? आणि परत आल्यावर त्यांना आधी काय विचारता? मी काय विचारलं, ते वर लिहिलंच आहे.