भाऊरावांचा काटा

नौदलात वीस वर्षं इलेक्ट्रिशियनची नोकरी करून भाऊराव डोणगावच्या अलीकडच्या आपल्या गावी परतले, ते भंगारातले दोन सिंक्रो घेऊनच. दिसायला छोट्या मोटारी. तारांनी जोडून वीज दिली, की एकाचा शाफ्ट जितका फिरवाल तितकाच दुसऱ्याचा फिरतो. सांगणारा तो ट्रान्समीटर, ऐकणारा तो रिसीव्हर. गावात पहिल्या जातीची माणसं उदंड, दुसरीचा दुष्काळ.

खालच्या वस्तीला पाणी सुटत नसे. विचारलं, की नळ सोडणारा अविनाश म्हणे, "टाकीच रिकामी हाये, मी काय करू?" आणि वरच्या आळीत अंगणं धुतली जात. भाऊरावांच्या बायको केसरबाई अर्ध्या कोसावरून हंडे वाहून मोडून गेल्या होत्या. भाऊरावांना त्याचीच चीड होती.

त्यांनी टाकीत तरंगता डबा सोडून त्याची दोरी ट्रान्समीटरला बांधली आणि रिसीव्हरला काटा लावून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसवला. सरपंच महादेवरावांनी आनंदानं परवानगी दिली. फोटो निघणार होता ना! काटा काय दाखवेल, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

साऱ्या गावासमोर नारळ फुटला, बटण दाबलं, काटा सरसर 'भरली'वर गेला.

"बिघडला वाटते," सरपंच पुटपुटले. अविनाशनं काटा 'रिकामी'वर ओढला. बोट काढताच तो पुन्हा 'भरली'वर.

"टॉर्क सिंक्रो हाये थो," भाऊराव म्हणाले. "ओझं उचलत नाही, पन टाकीनं सांगतलेलं सोडत नाही."

"धरून ठेव बे!" सरपंच ओरडले. वीज बंद करावी, तर त्यांच्या डोक्यावरचा पंखा त्याच बटणावर होता.

अविनाशनं काटा 'रिकामी'वर धरला. केसरबाईंनी सोबत आणलेला हंडा पालथा घातला आणि त्यावर बसल्या. मागोमाग वस्तीतल्या साऱ्या बाया बसल्या.

"धर भाऊ, निवांत धर," केसरबाई म्हणाल्या. "पन तू इथं बसला, तं वरच्या आळीले पानी कोन सोडन?"

वरच्या आळीची मंडळी घड्याळं पाहू लागली. त्यांची पाळी टळून चालली होती. अर्ध्या तासात त्यांच्यातूनच आरडाओरडा झाला, "अबे सोड त्याले! टाकी भरलीच तं हाये!"

अविनाशनं बोट काढलं आणि चावी घेऊन निघाला. केसरबाई त्याच्या पुढं खालच्या वस्तीच्या वाटेनं चालत होत्या, त्यामुळं त्या दिवशी पहिलं पाणी खालच्या वस्तीला सुटलं.