खाल्लेलं अंगी लागेना

अन्नावर इतका संशय घेणारा माणूस अख्ख्या धुळ्यात दुसरा नव्हता. आमच्या शेजारचे नाना एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या सगळ्या पोटांचा कारभार स्वतःकडे घेतला. "खादं म्हंजे अंगले लागनं असं नही," हे त्यांचं पालुपद. तेल आणि मिरपूड सोबत नसली तर हळद त्यांच्या लेखी नुसता रंग. मेथीवर लिंबू पिळलेलं नसलं की ताट परत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर कच्चं तेल ओतताना हात सैल, पण जेवणावर लगेच कुणी चहा मागितला की डोळे वटारायचे. चहाने भाजीतलं लोह वाया जातं म्हणे. माझ्या नणंदेला बघायला जामनेरहून पाहुणे आले, जेवले, आणि मी आधण ठेवते न ठेवते तोच नाना दारात हजर! मुलाच्या वडिलांना त्यांनी घड्याळ लावून तासभर बिनचहाचं बसवलं. पाहुणे उठले ते पुन्हा आले नाहीत. मी आठवडाभर नानांशी बोलले नव्हते.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी होता. नानांच्या या पत्नी दिवसेंदिवस पांढऱ्याफटक पडत चालल्या होत्या. इतकी वर्षं औषधं बांधून दिलेल्या या माणसाने त्यांना डॉक्टरला न दाखवता दोन वर्षं ताटातूनच रक्त वाढवायचा हट्ट धरला. अक्का निमूट जेवत आणि हात पुसून मागच्या दाराने माझ्याकडे येत. "बाई, कपभर चहा दे वं. त्यास्ले सांगू नको." मी देत असे. चहा पिता पिता त्या नानांची नक्कल करत आणि आम्ही दोघी हसून बेजार होत असू.

एके सकाळी त्या न्हाणीत कोसळल्या. मोठ्या दवाखान्यात कळलं, आजार रक्ताचाच होता, जेवणाशी त्याचा संबंध नव्हता, आणि यायला फार उशीर झाला होता. दोन महिन्यांत अक्का गेल्या.

अक्कांचे दिवस झाल्यावर नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला राहवेना. रडत रडत मी त्या चहाचं सगळं सांगून टाकलं.

"माले ठाऊक व्हतं," नाना म्हणाले. "खिडकीमधून दिसे ना. ती तुनाकडे हासे. घरमा हासे नही."

मी काही बोलणार, तर त्यांनीच हात वर केला.

"तुना चहानी काहीच नही व्हयनं, बाई. मीच तिले टाइमवर दवाखानामा ली गऊ नही."

मला त्यांनी असं मोकळं केलं. त्यांना मोकळं करायला मात्र अक्काच हव्या होत्या.