घाट बंद पडला तेव्हा

चैत्रातल्या उन्हात शर्यतीच्या घाटावर, गाडे पळायच्या त्या चढाच्या धावपट्टीवर, भंडारा उधळला की हवाच पिवळी होई... आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून, बैलगाड्याच्या पुढे, बैलांना वाट दाखवत आमची घोडी धावत येई. तिच्या पाठीवर अण्णा — माझे वडील. मागे चौखूर उधळलेले बैल. घोडी अडखळली असती तर... पण तो विचार घाटावर कुणी करत नसे. महाळुंगे पडवळ, कळंब, अवसरी — कुठकुठले पाहुणे यात्रेला येत. तिथंच सोयरिकी जुळत, आणि रेवड्यांच्या, तापल्या मातीच्या वासात वर्षभराचे रुसवे विरून जात.

घरी आई मात्र पुरणाच्या दरवळात चुलीपुढे बसून असे, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता. अंगणात टापा वाजल्या की मगच ती उठे.

मग शर्यतींवर बंदी आली. गावावर सुतकी कळा पसरली. त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली, आणि तिच्याकडे पाहून मलाही हलकं वाटलं — त्या हलकेपणाची आम्हा दोघींना इतकी लाज वाटली, की एकमेकींकडेही आम्ही ते बोललो नाही.

घाटावर घाणेरी माजली. घोडी पोसणं जमेना, तशी अण्णांनी ती वरातीवाल्याला दिली. पुढे मंचरच्या एका लग्नात ती त्यांना दिसली — अंगावर आरशांची झूल, कानाशी बँडचा कल्लोळ. तिनं ओळखून मान वळवली म्हणे. अण्णा न जेवताच परतले, आणि त्यांचं बोलणंच आटलं.

बंदी उठली तोवर त्यांचे गुडघे गेले होते. पहिल्या यात्रेला मी माहेरी आले होते. घाटावरचा गलका घरात येत होता. आई अण्णांपुढे तांब्या ठेवून तिथंच बसली, खाली बघत म्हणाली, "अवं, मीच देवाला बोलले व्हते, घाट बंद पडू दे म्हनून. तुमची घोडी माझ्यापायी गेली."

अण्णांनी तांब्या बाजूला सारला. मला वाटलं, आता उठून जातील.

"बंदीचं कळलं तवा मलाबी बरं वाटलं व्हतं," ते म्हणाले. "लई भ्या वाटायचं मला, दर बारीला घोडी पळवताना... पर घोडी कधी भ्याली न्हाई. तिला इकायला नको व्हती."

आता अण्णा नाहीत. यात्रेला आई घाटावर जाते, बायकांच्या घोळक्यात उभी राहते. कुणाचे बैल जिंकले, तिला सांगता येत नाही... पुढे धावणाऱ्या स्वाराचं पाऊल रिकिबीतून सुटत तर नाही ना, एवढंच ती पाहत असते.