तासापुरतं बंद केलेलं यंत्र

बाहेरची हवा इतकी बिघडली की समोरच्या इमारतीचा जिना दिसेना. तेव्हा विद्यापीठ बंद झालं आणि आम्हा प्राध्यापकांना घरून शिकवायचा हुकूम निघाला. मी अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे बोलतो, शिकतं कोण, हा वेगळा विषय. पडद्यावर नुसते काळे चौकोन. मी विनोद केला की शांतता, प्रश्न विचारला की त्याहून शांतता. भिंतीवर निदान पाल तरी असते.

बाहेरच्या खोलीत बायकोचं ऑफिस चालायचं, म्हणून माझा वर्ग बाबांच्या खोलीत. बाबांना दमा. त्यांच्या खाटेशेजारी हवा शुद्ध करणारं यंत्र दिवसभर घरघरत असे. पोरं लिहायची, "सर, आवाज येत नाही." म्हणजे यांना ऐकायचं होतं तर! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी तासापुरतं यंत्र बंद करू लागलो.

"चालेल ना, बाबा?"

"कर की, मास्तर. तू बोलायला लागलास की मला तशीही झोप लागते."

एके दिवशी मागणी-पुरवठ्यावर मी असा काही रंगलो की स्वतःच्याच आवाजावर खूश झालो. कानांवर हेडफोन. पडद्याच्या कडेने निरोपांमागून निरोप सरकत होते. एवढा प्रतिसाद! मी आवाज आणखी चढवला. निरोप वाचायला चष्मा लागतो, आणि कॅमेऱ्यात मी चष्म्याशिवाय बरा दिसतो.

शेवटी एक मुलगी ओरडलीच, "सर, बोलणं थांबवा! मागे बघा!"

बाबा खाटेची कड धरून बसले होते. ओठ निळसर पडले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र लावलं, दम्याचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. पण घाईत मी तो उलटाच धरला होता; शेवटी त्यांनीच माझा हात धरून तो सरळ केला. हळूहळू त्यांचा श्वास सुरळीत झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज मात्र जाईना.

वळलो तर सगळ्यांचे कॅमेरे चालू. चेहरे पहिल्यांदाच दिसत होते आणि ते माझ्या खांद्यावरून बाबांकडे बघत होते. मी चष्मा लावला. "सर, आजोबा धापा टाकताहेत." "सर, मशीन लावा." "सर, प्लीज." वर्गाचं लक्ष असावं, ही माझी केवढी आस! लक्ष होतंच. फक्त माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र पूर्ण वेगात ठेवून शिकवायला बसलो. थोड्या वेळाने निरोप आला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"सर, तुमचं काहीच ऐकू येत नाहीये. असंच चालू द्या."