अकोल्याची शिफारस

डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून शेजारचे काका रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात. स्वतःच्या घरी फिकाच मिळतो ना! "अर्धाच द्या बाप्पा," म्हणतात आणि असे दोन-तीन अर्धे बशीत ओतून, डोळे मिटून फुरकतात.

बारावीनंतर आमच्या पोरीने आहारशास्त्राची पदवी घ्यायचं ठरवलं. अमरावतीतच शिकायचं की अकोल्याला जायचं, यावर घरात खल चालला होता. प्रवेशाआधीच तिची प्रॅक्टिस मात्र सुरू झाली, ती काकांवर. त्यांचा चहा फिका झाला. ती पाठमोरी झाली की काका डब्यातून चमचाभर साखर उडवायचे, आणि ती गर्रकन वळून कपच उचलून न्यायची.

काकांनी लगेच अकोल्याची बाजू घेतली. "भाऊ, पोरीले अकोल्यालेच धाडा. घरी राहून कोनी शिकते का?" त्यांनी होस्टेलची चौकशी केली, गाड्यांच्या वेळा पाठ केल्या. प्रवेश झाला तेव्हा पेढेही त्यांनीच आणले, आणि पहिला स्वतःच्याच तोंडात टाकला.

पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी काका आले, तेव्हा मी फिक्या चहासोबत साखरेचा डबाच त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी झाकण उघडलं, तिच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"घ्या ना काका, आता कोण अडवते?"

"तेच तं," काका फिका चहा बशीत ओतत म्हणाले, "पकडनारंच कोनी नाई, तं चोरू कायले?"